बाळाचा कोपरा



आज आपणांशी जे बोलायचे आहे ते घराविषयी आहे आणि तान्ह्या बाळाविषयीही आहे. वरवर पाहता हे दोन विषय निरनिराळे वाटतात. घराचे काम गवंड्याचे आणि ग्रामपंचायतीचे, बाळाचे काम आईचे आणि दवाखान्याचे, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकलेली असते. माझीही समजूत तशीच होती. आदिवासी मुलांच्या आश्रमशाळेत बरीच वर्षे मास्तरकी केली, तरी ती गेली नव्हती. ती घालवली एका वारली आजीने. तिची गोष्ट आधी सांगतो.

श्रावणाचे दिवस होते. सुट्टीत घरी गेलेला माझा एक विद्यार्थी शाळेत परतला नव्हता, म्हणून त्याच्या चौकशीला जव्हारच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर गेलो होतो. पाऊस असा, की छत्री आपली नुसती हातात धरायची. मुलाच्या अंगणात पोचलो तो तिथे दोन घरे शेजारी शेजारी उभी. एक सरकारी मदतीने बांधलेले नवे घरकुल. विटांच्या भिंती, वर पत्रा, दाराला कुलूप. दुसरे जुने कुडाचे घर. कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप, वर काळवंडलेली कौले. धूर येत होता तो जुन्या घरातून, आणि तान्ह्या मुलाचे रडणेही तिथूनच ऐकू येत होते.

आत गेलो. आधी काही दिसेचना. डोळे पुसले, तेव्हा हळूहळू दिसू लागले. ओल्या लाकडांची चूल पेटलेली. चुलीपासून दोन हातांवर बाजेवर बाळंतीण, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याची वहिनी. तिच्या कुशीत बारा दिवसांचे बाळ. खाली जमिनीला ओल आलेली, भिंतीतून ती हातभर वर चढलेली. बाळाचा श्वास घुरघुरत होता. मी आपला मास्तरी सवयीने म्हणालो, "आजी, शेजारी एवढं पक्कं घर असताना या धुरात पोराला घेऊन कशाला बसलात?"

आजी चूल फुंकीत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या घरात चूल कुठं मांडू, गुरुजी? जागाच ठेवली नाही. पाऊस लागला की पत्रा असा वाजतो, की पोर दचकून उठतं. रात्री पत्र्याला घाम येतो, तो खाली अंगावर ठिबकतो. आणि उन्हाळ्यात आत नुसती भट्टी. घर वाईट नाही हो. भात साठवायला चांगलं आहे."

भात साठवायला चांगलं आहे! श्रोते हो, त्या वाक्याने मी गप्प झालो. आजीने दोन्ही घरांची परीक्षा केली होती, आणि तीही बाळाच्या बाजूने केली होती. नव्या घरात ऊब नाही, जुन्या घरात धूर आहे. यांतले कमी वाईट कोणते, एवढाच प्रश्न तिच्यापुढे होता. तिने ऊब निवडली. ज्यांनी नवे घर आखले, त्यांनी मात्र या घरात एखादे मूल जन्माला येणार आहे याचा विचार केलेला दिसत नव्हता.

त्याच दुपारी गावची आशाताई आली. तिने बाळाचे पोट उघडे करून, घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. अडुसष्ट भरले. ती म्हणाली, "आत्ताच न्यायला पाहिजे." आम्ही बाळाला आईच्या छातीशी बांधले, वर घोंगडी टाकली आणि ओढा उतरून रस्त्यापर्यंत गेलो. तिथून जीप मिळाली. बाळ वाचले. आठव्या दिवशी ते घरी आले. पण आले कुठे? त्याच चुलीशेजारी, त्याच ओलीत, त्याच धुरात.

आजच्या भाषणातून एकच गोष्ट आपण घरी न्यावी असे मला वाटते. दवाखाना बाळाला बरे करून पाठवतो, पण ते बरे राहायचे की नाही हे घर ठरवते. म्हणून घर बांधताना, दुरुस्त करताना, आधी बाळाचा कोपरा ठरवावा आणि मग बाकीचे घर.

आता कुणी म्हणेल, आदिवासी बालकांचे मृत्यू हा भुकेचा प्रश्न आहे, त्यात घराचे काय? भुकेचा प्रश्न आहेच. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी आणि १९९३ साली मेळघाटातील कोरकू बालकांच्या मृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला, तेव्हापासून कुपोषण हा शब्द आपल्या कानांवर आहे. आईच्या पोटात अन्न नसेल तर बाळ कमी वजनाचे जन्मते. यासाठीच महाराष्ट्रात २०१५ साली डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली, आणि आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे पूर्ण, ताजे जेवण देण्याची सोय तिच्यात झाली. ते आवश्यकच आहे. परंतु कमी वजनाच्या बाळालाच गारठा अधिक बाधतो, धूर अधिक बाधतो, जंतू अधिक बाधतो. भुकेने दुबळे केलेल्या बाळाला पुढे घराने तरी सांभाळायला हवे.

बाळाचा पहिला महिना सर्वांत अवघड. पहिल्या वर्षात जी बाळे दगावतात, त्यांतील निम्म्याहून अधिक या पहिल्या महिन्यातच जातात. हा महिना बाळ बहुधा घरातच काढते. म्हणून घर हेच त्याचे पहिले जग आणि घर हाच त्याचा पहिला दवाखाना.

ही गोष्ट पडताळून दाखवली ती आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यात. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था काढली. आदिवासी वस्ती मोठी, रस्ते थोडे, दवाखाने लांब. त्यांनी १९९० च्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. त्या वेळी तिथे शंभरातली पंचाण्णव बाळंतपणे घरीच होत. त्यांनी गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना शिकवून तयार केले आणि त्यांना आरोग्यदूत म्हटले. या बायका बाळंतपणाच्या वेळी हजर राहत आणि पुढे महिनाभर घरी येऊन बाळाला पाहत. त्याला ऊब कशी द्यायची, अंगावर कसे पाजायचे, वजन कसे करायचे, जंतुदोष कसा ओळखायचा आणि त्यावर औषध कसे द्यायचे, हे सारे त्या करीत. तिसऱ्या वर्षअखेर, प्रयोगाबाहेरच्या गावांशी तुलना करता, नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

न्यूमोनिया ओळखण्यासाठी याच मंडळींनी एक साधे साधन केले होते. ज्या सुइणींना मोठे आकडे मोजता येत नसत, त्यांच्यासाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या तारा. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. अक्षर न शिकलेली बाईही बाळाचा आजार ओळखू शकते, हे त्या मण्यांनी दाखवून दिले.

गडचिरोलीच्या या कामाचा धडा पुढे देशाने घेतला. २०११ पासून आशाताईंनी नवजात बाळाच्या घरी जाण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही, आशाताईने यायचे. तेव्हा ती दारात आली की, "बाळ बरं आहे, पुढच्या वेळी या," असे सांगून तिला परत पाठवू नका. तिला आत घ्या, बाळ दाखवा आणि बाळाचा कोपराही दाखवा.

मंडळी, या कोपऱ्यात काय असावे आणि काय नसावे, ते आता सांगतो. चारच गोष्टी आहेत. ऊब, धूर, पाणी आणि दाटी.

पहिली ऊब. बाळ आईच्या पोटातून येते ते एका उबदार जागेतून. बाहेर आल्यावर स्वतःची ऊब त्याला राखता येत नाही. म्हणून जन्मताच त्याला कोरडे पुसावे आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरावे. पहिल्या तासात अंगावर पाजावे. पहिले घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, तो टाकू नये. ते बाळाचे पहिले औषध. पहिल्या दिवशी आंघोळ नको. वजन कमी असेल तर आशाताई सांगेपर्यंत नुसते पुसून काढावे. बाळाच्या डोक्याला टोपडे असावे. कमी वजनाचे बाळ दिवसाचा जास्तीत जास्त वेळ आईच्या त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची रीत १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात, पुरेशा काचपेट्या नसलेल्या एका रुग्णालयात सुरू झाली, आणि आज तिला जगभर कांगारू मातृसेवा म्हणतात. तिला पैसा लागत नाही. बाप, आजी, मावशी, कुणीही आलटून पालटून ती करू शकते.

दुसरी गोष्ट धूर. आपल्याकडे बाळंतिणीला शेकशेगडी देतात, बाळाला धुरी देतात. यामागे हेतू चांगला आहे. ऊब मिळावी, अंग मोकळे व्हावे. पण ऊब आणि धूर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ऊब घ्यावी, धूर सोडून द्यावा. चुलीच्या धुराने लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. शेगडीत निखारे भरून दारे-खिडक्या लावून निजणे तर फारच वाईट, कारण त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही आणि झोपेतच घात करतो.

"मग गॅस घ्या," असे सांगणे सोपे आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि पुष्कळ घरांत शेगडी पोचली. पण सिलिंडर संपल्यावर तो भरून आणायला पैसे लागतात आणि डोंगर उतरावा लागतो. त्यामुळे चूल राहतेच. मग तिला योग्य जागी बसवू या. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल निघाली, तेव्हापासून निर्धूर चुलीची कल्पना आपल्या खेड्यांना ठाऊक आहे. तिचे धुराडे छपराबाहेर निघते. तेही जमत नसेल तर चूल पडवीत न्यावी. तेवढेही न झाले, तर निदान चुलीवरच्या भिंतीत, वळचणीखाली, हात जाईल एवढे भोक ठेवावे, आणि बाळाची बाज दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या वाटेत न येईल अशी टाकावी. सरपण पावसाआधी भरून कोरडे ठेवावे, म्हणजे धूर आपोआप कमी होतो.

तिसरी गोष्ट पाणी. पाणी हवे तिथे असावे आणि नको तिथे नसावे. नको तिथे म्हणजे जमिनीत, भिंतीत, अंथरुणात. घराचा जोता अंगणापेक्षा चांगला उंच हवा, आणि पागोळ्यांचे पाणी जोत्याशी न मुरता चराने दूर जावे. हवे तिथे म्हणजे हात धुवायला, दाराशी, साबणासकट. बाळाला घेण्याआधी, अंगावर पाजण्याआधी, शी काढल्यानंतर आणि स्वयंपाकाआधी हात धुतले, तर हगवणीचे निम्मे भय गेले असे समजा. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीच लागत नाही, पाणीसुद्धा नाही. पुढे हगवण झालीच तर आशाताईकडची क्षारसंजीवनीची पुडी आणि जस्ताच्या गोळ्या द्याव्यात, आणि अंगावरचे दूध चालूच ठेवावे.

चौथी गोष्ट दाटी. एका खोलीत आठ माणसे निजतात, तिथे एकाचा खोकला आठांचा होतो आणि नवव्या बाळाचाही. घर एका दिवसात मोठे करता येत नाही, हे मला कळते. पण खोकणाऱ्या माणसाने बाळाजवळ निजू नये, हे आज रात्रीपासून पाळता येते. कुणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर त्याची थुंकी तपासून घ्यावी. बाळ जमिनीवर न ठेवता बाजेवर, मच्छरदाणीत ठेवावे. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या मुलखात तर मच्छरदाणी हा बाळाच्या कोपऱ्याचा पाचवा खांब आहे.

मघाशी मी म्हणालो, की आमचे बाळ बरे होऊन पुन्हा त्याच धुरात आले. असा अनुभव केवळ आपल्याच डोंगरांतला नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलखात तिथले मूळ रहिवासी, आनंगू लोक, राहतात. त्यांच्याही मुलांना डोळे येणे, खरूज, कानातून पू, छातीचे विकार पुन्हा पुन्हा होत. दवाखाना औषध देई, मूल बरे होई आणि पुन्हा आजारी पडे. तेव्हा यामी लेस्टर या त्यांच्या पुढाऱ्याने आणि तिथल्या आरोग्य संस्थेने प्रश्न उलटा करून विचारला. आजार बरा कसा करायचा हे ठीक, पण तो मुळात होऊ नये म्हणून काय करायचे? डॉक्टर, घरबांधणी जाणणारा वास्तुकार आणि परिसर आरोग्याचा जाणकार असे तिघे कामाला लागले आणि १९८७ साली त्यांनी अहवाल दिला. त्यात निरोगी जगण्याच्या नऊ गोष्टी सांगितल्या होत्या. पहिलीच गोष्ट अंग धुण्याची, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांचे.

आता मूल धुवायचे म्हणजे घरात काय काय लागते ते पाहा. पाणी यायला हवे, नळ फिरायला हवा, गरम पाणी मिळायला हवे आणि सांडपाणी वाहून जायला हवे. यातले एक मोडले की मूल धुतले जात नाही. त्या मंडळींनी घराघरांत जाऊन एकेक नळ, एकेक मोरी तपासली आणि त्याच दिवशी हत्यारे काढून दुरुस्तीही केली. कामाला बहुतेक माणसे गावचीच घेतली. पुढे न्यू साउथ वेल्स प्रांतात दहा वर्षांचे काम तपासले, तेव्हा अशी दुरुस्ती झालेल्या घरांतील लोकांचे संसर्गजन्य आजारांसाठी इस्पितळात जाणे ४० टक्क्यांनी कमी झालेले आढळले.

आणखी एक गोष्ट तिथे उघड झाली, ती आपण आवर्जून ऐकावी. "या लोकांना चांगली घरे द्या, ते मोडून टाकतात," असे तिथेही म्हणत. तपासणीत दिसले की बिघाडांपैकी दहा टक्केदेखील लोकांच्या गैरवापरामुळे नव्हते. सुमारे सत्तर टक्के बिघाड निव्वळ देखभालीअभावी होते, आणि उरलेले मुळातच बांधकाम वाईट म्हणून. आपल्याकडे घरकुलाला कुलूप दिसले की आपणही झटकन म्हणतो, "यांना पक्क्या घरात राहताच येत नाही." तसे म्हणण्याआधी आत जावे, पत्र्याखाली दुपारी घटकाभर बसावे, मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहावे.

आणि जुन्या घराला सरसकट नावे ठेवू नयेत. कुडाची भिंत हवा खेळवते. सारवलेली जमीन थंड असते आणि दर आठवड्याला नवी होते. कौलाखाली दुपार सुसह्य होते. हे शहाणपण पिढ्यांचे आहे. उणे आहे ते धुराला वाट नसण्याचे आणि ओलीचे. तेवढे काढावे, बाकीचे शहाणपण नव्या घरात न्यावे.

आज संधीही आहे. २०१६ पासूनची ग्रामीण आवास योजना, आदिवासींसाठी शबरी घरकुल योजना, आणि २०२३ साली सुरू झालेल्या जनमन अभियानातून कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या जमातींसाठी घरे, अशी कामे पाड्यापाड्यांवर आली. या घरकुलाचे क्षेत्र असते निदान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. एवढ्याशा जागेत चूल चुकली की सगळे घर चुकते.

इथे मला शिक्षक बंधू-भगिनींशी बोलायचे आहे. गुरुजी, बाई, एक सोपा पाठ घ्या. शाळेच्या अंगणात खडूने किंवा चुन्याने पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद चौकोन आखा. मुलांना सांगा, हे तुमचे नवे घर. दार कुठे ठेवाल? पाऊस कोणत्या बाजूने झोडपतो? चूल कुठे, मोरी कुठे, सहा माणसांची अंथरुणे कुठे? मग चिंध्यांची एक बाहुली मुलांच्या हाती द्या आणि म्हणा, हे तुमच्या घरातले बारा दिवसांचे बाळ. याला कुठे ठेवाल? मुले पुसतील, पुन्हा आखतील, भांडतीलही. आठ-दहा वर्षांची मुलगी ठामपणे सांगेल, "इथं नको, धूर येतो." त्या पाठात भूमिती आली, दिशा आल्या आणि आरोग्यही आले. संध्याकाळी तोच नकाशा घरी सांगितला जाईल. बोलणे वारलीत होऊ द्या, कातकरीत, कोरकूत, माडियात होऊ द्या. प्रमाण भाषेत बाळाचा जीव अडकून पडू देऊ नका.

ग्रामसभेत बसणाऱ्यांनाही एक विनंती आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले, आणि महाराष्ट्रात २०१५ साली पेसा गावांना थेट निधी देण्याचा निर्णय झाला. गावाच्या पैशातून काय करावे ते गावाने ठरवावे. पण जिथे बाळंतपण येऊ घातले आहे अशा घरांची यादी ज्येष्ठात वाचावी आणि पाऊस लागण्याआधी त्या घरांची गळती, मोरी आणि चूल पाहून घ्यावी. यादी दहा-बारा घरांपलीकडे जाणार नाही. काम दोन दिवसांचे असते, पण ते दोन दिवस पावसाआधीचे असावे लागतात.

आता एक कटू गोष्ट. पाड्यावरचे घर कितीही चांगले केले तरी दिवाळीनंतर पुष्कळ घरांना कुलूप लागते. कातकरी कुटुंबे ठाणे, रायगड, पालघर जिल्ह्यांतल्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. तिथे कच्च्या विटा रचून, वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकून खोपटे उभे करतात. मूल रांगते ते मातीत, धुरळ्यात आणि भट्टीच्या धुरात. जे हात इतरांच्या घरासाठी हजारोंनी विटा पाडतात, त्यांच्या बाळाला चार विटांचा कोरडा कोपरा मिळत नाही. भट्टीमालकांनी हे मनावर घ्यावे. सावलीची एक शेड, पिण्याचे पाणी आणि एक पाळणा, एवढे तरी द्यावे. आणि जाणाऱ्या आईने जच्चा-बच्चाचे आरोग्यकार्ड बरोबर न्यावे, म्हणजे तिथल्या आशाताईला लसीची पुढची तारीख कळेल.

शेवटी धोक्याच्या खुणा पाठ करून ठेवा. बाळ अंगावर पीत नाही, मलूल पडले आहे, अंगाला हात लावला तर गार किंवा तापलेले लागते, झटके येतात, नाळेतून पू येतो, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, किंवा शांत असताना मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास होतात. यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये. आशाताईला उठवावे, १०८ क्रमांकाला फोन करावा, आणि वाटेत बाळ आईच्या छातीशी उबेत ठेवावे. भगताचा अंगारा ज्याला लावायचा त्याने लावावा, पण गाडीत बसून लावावा. भगतालाही बरोबर घ्यावे. पाड्यावर त्याचा शब्द चालतो. तो शब्द दवाखान्याच्या वाटेवर कामी यावा.

त्या आजीच्या घराचे पुढे काय झाले, हे आपण मनात विचारीत असाल. पाऊस उघडल्यावर मी पुन्हा गेलो. मुलाच्या भावाने नव्या घराला मागच्या बाजूने कुडाची पडवी काढली होती. तिच्यात चूल मांडली होती. घरात पत्र्याखाली बांबूचे तट्टे बांधून वर भाताचा पेंढा पसरला होता. उन्हाचा ताव अर्धा झाला होता आणि ठिबकही थांबणार होती. पेंढ्यात उंदीर होतील, असे मी म्हणालो. आजी म्हणाली, "उंदरांचं मी बघीन." खर्च फारसा झालाच नव्हता. कारवी आणि बांबू रानातला, मेहनत घरची. जुन्या घरात आता भात ठेवला होता.

बाळ झोळीत निजले होते. भिंतीच्या ज्या कोपऱ्यात झोळी टांगली होती, तो कोपरा आजीने सारवून वर पांढऱ्या पिठाने चौक लिहिला होता. मी म्हणालो, "आजी, कोपरा छान केलात." ती म्हणाली, "मी काय केलं, गुरुजी? पोरानं जागा मागितली, आम्ही दिली."

श्रोते हो, प्रत्येक बाळ येताना एवढीच जागा मागते. कोरडी, उबदार, बिनधुराची, दोन हात लांब आणि दोन हात रुंद. ती देणे आपल्या हातचे आहे.